घरातून पहिल्यांदाच कुणीतरी युनिव्हर्सिटीच्या रिसर्च सिम्पोझियमला चाललंय? मग हे सगळं नीट वाचा

गोव्यात काणकोण, केपे, सांगे, धारबांदोडा, सत्तरी, पेडणे, कुठल्याही बाजूची मुलं घ्या, रिसर्चचं नाव काढलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, ते आमचं काम नव्हे." आणि दहा मिनिटांनी गप्पांत तीच मुलगी सहज सांगते की तिची आई मिठागरातलं पाणी नुसतं बघून सांगते, आज मीठ धरणार की अजून दोन दिवस थांबायचं. हा रिसर्चचा विषय नव्हे तर काय आहे? मला या लेखात सगळ्यात आधी हेच सांगायचंय की सिम्पोझियमला आपली गरिबी, आपली जात, आपला संघर्ष मांडायला जायचं नसतं, आपला प्रश्न आणि त्याचं उत्तर शोधायला आपण काय मोजलं ते मांडायला जायचं असतं. बाकी सगळं, अ‍ॅबस्ट्रॅक्ट (म्हणजे कामाचा छोटा सारांश), पोस्टर, इंग्रजी, बस, पैसे, हे शिकता येतं आणि मागता येतं, ते कसं ते खाली लिहितेय.

हा प्रकार नेमका काय असतो

एक-दोन दिवसांचा कार्यक्रम असतो. विद्यार्थी स्वतः केलेलं काम पोस्टर लावून नाहीतर सात-दहा मिनिटं बोलून मांडतात, परीक्षक आणि बाकीचे विद्यार्थी प्रश्न विचारतात, मध्ये कुणातरी मोठ्या संशोधकाचं भाषण असतं, शेवटी सर्टिफिकेट. त्यातले काही सिम्पोझियम मुद्दाम अशा मुलांसाठी ठेवतात ज्यांच्यासारखी माणसं लॅबमध्ये आणि प्रोफेसरांच्या खुर्चीत कमी दिसतात. अमेरिकेत याचं मोठं जाळं आहे, चॅलेंजर यानाच्या अपघातात गेलेले कृष्णवर्णीय भौतिकशास्त्रज्ञ रोनाल्ड मॅकनेर यांच्या नावाने १९८६ मध्ये तिथल्या सरकारने एक योजना काढली, कमी उत्पन्नाच्या घरातली पहिल्या पिढीची मुलं आणि ज्या समाजांतून पीएचडीला फार कमी जण पोचतात तिथली मुलं, यांना डिग्री करतानाच गाईड द्यायचा, रिसर्च करू द्यायचा आणि तो परिषदेत मांडायला लावायचा. यातलं शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण काम वहीत राहिलं तर कुणाला कळतच नाही की ते तुम्हाला येतं.

आपल्याकडे असं कुणासाठी म्हणायचं? गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना गोव्यात अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, २०११ च्या जनगणनेत ही लोकसंख्या सुमारे दीड लाख होती, म्हणजे राज्यात दर दहामागे एक माणूस. आता आपल्या कॉलेजच्या पीएचडी झालेल्या शिक्षकांची यादी डोळ्यांसमोर आणा आणि मोजा. तसंच अनुसूचित जातींची मुलं, धनगर-गवळी घरांतली, रापणकारांची (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची), खाणी बंद पडल्यावर ट्रक विकावा लागला त्या घरांतली, दिव्यांग मुलं, बाहेरून कामाला आलेल्या मजुरांची इथेच वाढलेली मुलं, आणि ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही ती सगळी. फॉर्मवर "अंडररिप्रेझेंटेड", म्हणजे ज्यांच्यातली माणसं इथे कमी दिसतात ते, असं लिहिलेलं असतं आणि आपण त्यात बसतो की नाही या विचारात मुलं फॉर्मच भरत नाहीत. भरा. नसाल बसत तर ते सांगतील, आपण आपल्यालाच आधी बाद करायचं नाही.

अजून एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे २०२३-२४ पासून चार वर्षांची डिग्री सुरू झाली आहे, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात चौथ्या वर्षी रिसर्चसह ऑनर्स घ्यायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना मिळून ७५ टक्के लागतात, प्रोजेक्ट १२ क्रेडिटचा असतो. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एकदा सिम्पोझियम करून बघितला असेल तर चौथ्या वर्षी हातपाय गळत नाहीत.

विषय घरातून उचला, पण प्रश्न बारीक करा

इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा. मुलं येतात ती "गोव्यातील पर्यटन", "आदिवासी संस्कृती", "प्रदूषण" असे विषय घेऊन. हे विषय नव्हेत, हे पुस्तकाचे भाग झाले. प्रश्न असा पाहिजे की ज्याचं उत्तर तुम्ही स्वतः, तुमच्या गावात, तीन-चार महिन्यांत, फोन-वही-मोजपट्टी यांच्या जोरावर शोधू शकाल.

मिठागराचंच घेऊया. पेडण्यात आगरवाड्याला अजून मीठ पिकतं. समजा तुमच्या घरची माणसं तिथे काम करतात. "गोव्यातील मीठ व्यवसायाची परंपरा" असा विषय घेतला तर तुम्ही ग्रंथालयातल्या पाच पुस्तकांची नक्कल कराल आणि परीक्षक जांभई देतील. त्याऐवजी असं विचारा, अनुभवी माणसं पाणी बघून "आज मीठ धरणार" असं सांगतात ते किती वेळा बरोबर येतं आणि त्या वेळी पाण्याची खारटी किती असते? आता हा प्रश्न मोजता येतो. बोमे हायड्रोमीटर नावाची काचेची नळी असते, पाणी जितकं खारट तितकी ती वर तरंगते, कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये विचारा. साधारण २५ अंश बोमेच्या आसपास मीठ धरायला लागतं हे शास्त्राला माहीतच आहे, तुम्ही बघताय ते हे की डोळ्यांचा अंदाज आणि नळीचा आकडा किती जुळतात.

आणि यातली खरी मेख कुठे आहे बघा. सकाळी गेल्यावर आधी मिठागरातल्या अनुभवी काकींचं मत वहीत लिहून घ्यायचं, धरणार की नाही, मग नळी पाण्यात सोडायची, आकडा लिहायचा आणि तो त्यांना सांगायचा नाही, संध्याकाळी जाऊन बघायचं मीठ आलं की नाही. उलट केलं, म्हणजे आधी नळी घातली आणि आकडा बोलून दाखवला, तर काकी उद्यापासून नळीकडे बघून सांगायला लागतील आणि तुमचं सगळं काम वाया. एवढी एक गोष्ट तुम्ही परीक्षकाला सांगितलीत तर त्याला लगेच कळतं की या मुलीने डोकं लावलंय. महागडं मशीन नसलं तरी चालतं, हा विचार पाहिजे.

असेच बाकीचे. सत्तरीत असाल तर कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाणी कुठल्या महिन्यात कुठून येतं आणि पाटाचं पाणी वाटायचे नियम कोण ठरवतं. खाजन जमिनीत (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीत) असाल तर तुमच्या गावची मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कोण सांभाळतं आणि भरती-ओहोटीप्रमाणे ती कधी उघडते, बांध फुटला तर दुरुस्तीला किती दिवस लागतात. सांगे-डिचोलीत असाल तर २०१८ मध्ये खाणी बंद झाल्यावर तुमच्या वाड्यावरच्या ट्रक असलेल्या घरांनी पुढे काय धंदा धरला. आर्ट्सला असाल तर धालोतली (बायकांच्या गाण्या-नाचाच्या उत्सवातली) कुठली गीतं आजी म्हणते आणि कुठली नातीला येतच नाहीत, दोन वाड्यांत मोजून बघा. आपलेच दामोदर धर्मानंद कोसंबी घ्या, १९०७ साली गोव्यात कोसंबे गावी जन्मले, गणितज्ञ होते, त्यांनी जुनी आहत (ठसे मारून बनवलेली) नाणी एकेक करून वजन केली, कारण नाणं जितकं हातोहात फिरतं तितकं झिजतं आणि त्या झिजेवरून काळाचा अंदाज बांधता येतो. हाताशी आहे ते मोजायचं, एवढंच.

मोसम बघा नाहीतर फजिती

सिम्पोझियम समजा फेब्रुवारीत आहे आणि तुम्ही डिसेंबरात जागे झालात तर मिठागराचा डेटा येणार कुठून? मीठ जानेवारी ते मे. काजू साधारण फेब्रुवारीअखेर ते मे. धालो पौषात, शिगमो फाल्गुनात. पावसाचे विषय, ओहोळ, रानभाज्या, दरडी, जून ते सप्टेंबर. म्हणजे या वर्षीचा सिम्पोझियम फेब्रुवारीत असेल तर डेटा मागच्या उन्हाळ्यातला किंवा पावसाळ्यातला पाहिजे. विषय ठरला की आधी कॅलेंडर काढा, त्यात सेमिस्टरच्या परीक्षा लाल पेनाने खुणा करा, घरच्या कामाचे दिवस, जत्रा, चवथ, लग्नं हेही लिहा, मग उरतात ते दिवस तुमचे. ते थोडेच असतात, म्हणून प्रश्न बारीक करा म्हणते.

गाईड कसा मिळवायचा

सर-मॅडमना कॉरिडॉरमध्ये गाठून "सर मला रिसर्च करायचाय" म्हटलं की ते "हो हो बघू" म्हणतात आणि विषय संपतो. त्यापेक्षा चार ओळी लिहून न्या, माझा प्रश्न हा, मी हे मोजणार, या महिन्यांत, मला तुमच्याकडून पंधरवड्यातून अर्धा तास पाहिजे. अर्धा तास म्हटलं की माणूस नाही म्हणत नाही. तुमच्या विषयाचा शिक्षक कॉलेजात नसेल तर बाहेरच्यांना ईमेल करा, गोव्यात सोय आहे बरं का, ताळगाव पठारावर १९८५ पासून गोवा विद्यापीठ आहे, दोनापावलाला १९६६ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, जुन्या गोव्यात केंद्र सरकारची किनारी शेतीची संशोधन संस्था आहे, पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे. ईमेल पाच ओळींचा, स्वतःच्या हलाखीचं वर्णन न करता, प्रश्न काय, काय केलंय, नेमकी कसली मदत हवी. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, त्यात काही उद्धटपणा नाही, लोकांचे ईमेल खरंच खाली जातात.

वाचन, पण पैसे न घालवता

आधी कुणी काय केलंय ते बघावंच लागतं. शोधगंगा या वेबसाइटवर भारतभरचे पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत, तिथे तुमच्या विषयाचा एक प्रबंध काढा आणि त्याच्या मागची संदर्भयादी बघा, अर्धं काम तिथेच होतं. परदेशी जर्नल्ससाठी २०२५ पासून केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आहे, सरकारी विद्यापीठं आणि सरकारी कॉलेजांसाठी, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स, लायब्ररियनला विचारा लॉगिन कसं करायचं, लाजू नका, ते त्यांचं कामच आहे. पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं, जुनी वर्तमानपत्रं आणि गोव्यावरची पुस्तकं बघायला तिथेच जावं लागतं. आणि गावची माहिती हवी असेल तर जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका नेटवर फुकट आहेत, गाववार शाळा, दवाखाने, रस्ते सगळं. पंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही (गावच्या झाडं-प्राण्यांची आणि त्याबद्दलच्या माहितीची नोंद) असते, तीही मागून बघा.

एआयला विचारून संदर्भ घेणारे खूप झालेत. मराठी-इंग्रजी वाक्य सुधारायला वापरा, पण त्याने दिलेला एकेक पेपर स्वतः उघडून बघितल्याशिवाय यादीत घालू नका, नसलेले पेपर तो बिनधास्त देतो आणि परीक्षकाने एक जरी शोधून बघितला आणि सापडला नाही की तुमच्या खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो. कॉपीबद्दल यूजीसीचा २०१८ चा नियम आहे, १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे आहे. पण १० टक्के चालतात म्हणून कुणाचा परिच्छेद उचलायचा असा त्याचा अर्थ नव्हे.

माणसांना विचारायचंय? मग परवानगी

आपल्याच वाड्यावरची माणसं आहेत म्हणून परवानगी लागत नाही असं वाटतं. उलट जास्त लागते, कारण तुम्हाला ती नाही म्हणू शकत नाहीत. कोकणीत किंवा मराठीत, त्यांना कळेल असं सांगा, हे कॉलेजसाठी आहे, तुमचं नाव येणार नाही, मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, फोटो लावू का नको. लिहिता येत नसेल तर फोनवर त्यांचा होकार रेकॉर्ड करा. लहान मुलांना विचारायचं असेल तर आईवडिलांचा होकार आधी.

औषधी झाडपाल्याच्या बाबतीत तर मी फार आग्रहाने सांगते. आजी कुठल्या मुळीने काय बरं करते, ते किती आणि कशात उगाळायचं, हे सगळं पोस्टरवर छापून टाकलं की ते कुणाच्याही हातात गेलं. २००२ चा जैवविविधता कायदा अशाच ज्ञानासाठी आहे, त्यातून कुणी फायदा कमावला तर ज्यांचं ज्ञान आहे त्यांना वाटा मिळाला पाहिजे हे त्यात आहे. तुम्ही झाडांची संख्या मांडा, ती कुठल्या अधिवासात सापडतात ते मांडा, ज्ञान किती जणींकडे उरलंय ते मांडा, पण कृती आणि जागा आजीच्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये. कुणी परीक्षक विचारत असेल तर सरळ सांगा, ही माहिती द्यायची मला परवानगी नाही. असं उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल जाणत्या माणसाला आदरच वाटतो.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट

साधारण २०० ते ३०० शब्द मागतात. निवड यावरच होते, म्हणून हे घाईत लिहायचं काम नव्हे. नेहमीची सुरुवात अशी असते: "मीठ हा मानवी जीवनातील अविभाज्य घटक आहे. गोव्याला मिठाची प्राचीन परंपरा लाभली आहे. आज ही परंपरा लोप पावत आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या परंपरेचा आढावा घेण्यात येणार आहे." चार वाक्यं झाली आणि तुम्ही काय केलं ते एकातही नाही.

आता हे बघा: "मिठागरात काम करणाऱ्या अनुभवी स्त्रिया पाण्याचा रंग आणि हालचाल बघून मीठ कधी धरणार ते सांगतात. हा अंदाज किती अचूक असतो हे तपासण्यासाठी आम्ही एका गावातल्या तीन मिठागरांत फेब्रुवारी ते एप्रिल रोज सकाळी त्यांचं मत आधी नोंदवलं आणि त्यानंतर बोमे हायड्रोमीटरने खारटी मोजली. एकूण इतक्या नोंदींपैकी इतक्या वेळा अंदाज बरोबर आला. ढगाळ दिवशी अंदाज जास्त चुकले. यावरून असं दिसतं की..." इतक्याच्या जागी तुमचे खरे आकडे येतील, आणि ढगाळ दिवसाचं मी उदाहरणादाखल लिहिलंय, तुमच्या वहीत जे दिसेल ते लिहा. क्रम तेवढा धरा, प्रश्न, कसं केलं, काय सापडलं, त्याचा अर्थ काय. निकाल अजून आले नसतील तर "येणार आहेत" असं न लिहिता आतापर्यंतच्या नोंदी सांगा.

१८ जणींना विचारलं असेल तर "१८ पैकी ११" असं लिहा, "६१ टक्के" लिहू नका. टक्के लिहिले की वाटतं शेकडो माणसांना विचारलंय, आणि मग पहिलाच प्रश्न तिथे येतो.

भाषेचं काय? आपल्यातल्या बऱ्याच जणांची चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, आणि घरी कोकणी, त्यामुळे कुठल्याच भाषेत आपलं धड नाही असं मनात घर करून बसतं. करायचं असं की आधी फोनचं रेकॉर्डर लावून घरच्या भाषेत पूर्ण काम कुणातरी मैत्रिणीला सांगा, ते ऐकून मराठीत लिहा, आणि मग गरज असेल तर इंग्रजी करा. छोटी वाक्यं. इंग्रजीत विचार करून थेट लिहायला बसलं की पुस्तकातलीच वाक्यं येतात, तुमची येत नाहीत. आणि आयोजकांना आधीच विचारून ठेवा मराठी किंवा कोकणीत मांडलं तर चालेल का, पुष्कळदा चालतं, पण फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

पोस्टर

माप आधी विचारा. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, ए-वन त्याच्या अर्धा. पॉवरपॉइंटमध्ये पहिल्यांदाच स्लाइडचं माप तेवढं करून घ्या, नंतर ताणलं की फोटो फाटतात. सगळं मिळून ४०० शब्दांच्या आसपास ठेवा, कारण माणूस समोर दोन-तीन मिनिटंच उभा राहतो. मधोमध एक मोठा आलेख किंवा नकाशा, वर शीर्षकात थेट तुमचा प्रश्न, म्हणजे "मिठागरांचा अभ्यास" नको, "पाणी बघून मिठाचा अंदाज: तीन मिठागरांतल्या नोंदी काय सांगतात" असं. अक्षर दीड-दोन मीटरवरून वाचता आलं पाहिजे, मजकूर २४ पॉइंटच्या खाली नेऊ नका. देवनागरी असेल तर युनिकोड फॉन्ट घ्या आणि प्रिंटवाल्याकडे फक्त पीडीएफच न्या, नाहीतर त्याच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं मोडतात आणि "संशोधन" मध्ये काना एकीकडे नि अनुस्वार दुसरीकडे होतो. छापायच्या आधी ए-फोरवर एक प्रत काढून शिक्षकाला दाखवा. फ्लेक्सवर छापलं तर पावसात भिजत नाही आणि गुंडाळून बसमधून नेता येतं, पण चकाकतं, कागदावर दिसायला छान दिसतं. पैशांचा प्रश्न असेल तर कॉलेजच्या स्टुडंट फंडातून पोस्टर छापून मिळतं का ते ऑफिसात लेखी विचारा, तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं.

बोलण्याची तयारी आणि प्रश्न

तीन मापांत तयारी करा. अर्ध्या मिनिटाचं, कुणी जाता जाता थांबलं तर. दोन मिनिटांचं, पोस्टरसमोर. सात मिनिटांचं, स्टेजवर असेल तर. पाठ करू नका, पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ असू दे. घरच्यांसमोर एकदा बोलून बघा, आईला कळलं तर परीक्षकाला कळणारच.

प्रश्नांना मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. खरं तर प्रश्न दोन-तीन प्रकारांचेच असतात. "नमुना एवढा लहान का?" यावर लाजायचं काही नाही, "तीन महिन्यांत एका गावातच रोज जाणं शक्य होतं, म्हणून गावं वाढवण्याऐवजी नोंदी नियमित ठेवल्या, हे निष्कर्ष या तीन मिठागरांपुरतेच आहेत." संपलं. "हे दुसऱ्या कशामुळे झालं नसेल कशावरून?" हा सगळ्यात चांगला प्रश्न, याचं उत्तर घरीच तयार करून ठेवा, वारा, ढग, पाणी शिरणं, जे जे तुम्हाला सुचतं ते. आणि उत्तर येत नसेल तेव्हा "हे मी मोजलेलं नाही, मोजायचं झालं तर असं मोजेन" एवढं म्हणा. उगाच काहीतरी ठोकून दिलेलं लगेच ओळखू येतं.

मग काही प्रश्न कामावर नसतातच. "तुमच्यात अजून असं करतात का?" "तुला कोट्यातून सिलेक्ट केलं का?" असले. हे होतं, मी ऐकलंय. भांडायला तुम्ही बांधील नाही आणि हसून सोडून द्यायलाही नाही. शांतपणे, "माझ्या पोस्टरवर तीन मिठागरांचा डेटा आहे, त्याबद्दल विचारा ना," म्हणायचं आणि आलेखाकडे बोट दाखवायचं. पुन्हा झालं तर समन्वयकांना त्याच दिवशी सांगायचं, दुसऱ्या दिवशी नव्हे.

त्या दिवशी पोचायचं कसं, हेही नियोजनच

काणकोणच्या चावडीहून मडगाव, मडगावहून पणजीच्या बसने बांबोळी, तिथून विद्यापीठाच्या पठारावर, आणि हातात पोस्टरची नळी. साडेनऊला रजिस्ट्रेशन असेल तर पहाटे निघावं लागतं, आणि परतीला वाळपई, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांना संध्याकाळी बस मिळेलच याचा भरवसा नाही. म्हणून निवड झाल्याचं पत्र आलं की त्याच ईमेलला उत्तर द्या, मी अमुक गावाहून येते, माझं सादरीकरण अकरा ते तीनच्या मध्ये ठेवता येईल का, प्रवासखर्च मिळेल का आणि कधी, राहायची सोय आहे का. यात मेहरबानी मागण्यासारखं काही नाही, आयोजकांना वेळापत्रक लावायचंच असतं. दिव्यांग असाल तर रॅम्प, दुभाषा, स्क्रीन रीडरला चालेल अशी फाइल, जास्तीचा वेळ, जे लागतं ते आधी लिहून मागा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही सोय तुमचा हक्क आहे. जातीचा दाखला किंवा उत्पन्नाचा दाखला मागितला तर तो फी माफीसाठी आहे का आणि कोण बघणार हे विचारा, बॅजवर किंवा कार्यक्रमपत्रिकेत तुमचा प्रवर्ग छापायचं काही कारण नाही.

मुलींसाठी अजून एक. घरी "सेमिनारला जातेय, उशीर होईल" एवढ्यावर पटत नाही. निमंत्रणाचं पत्र, कार्यक्रमाची वेळ, सोबत कोण, आणि गाईडचा फोन नंबर घरी देऊन ठेवा, जमलं तर मॅडमनाच बाबांशी दोन मिनिटं बोलायला सांगा, फरक पडतो. त्याहून चांगलं म्हणजे आईबाबांना पोस्टर बघायलाच बोलवा.

कपडे नेटके, चप्पल आरामाची कारण दिवसभर उभं राहायचंय, पाण्याची बाटली, पिना आणि दुतर्फी टेप स्वतःची न्या. पीडीएफ फोनमध्ये, ईमेलमध्ये आणि पेनड्राइव्हवर, तिन्हीकडे ठेवा.

आयोजक शिक्षक वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं

प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या, दोन महिन्यांनी बँकेत येणाऱ्या पैशांनी आजचं तिकीट निघत नाही. मुलांची ओळख करून देताना त्यांच्या घरच्या परिस्थितीचं वर्णन करू नका, विषय आणि कॉलेज सांगा. परीक्षकांना आधी सांगा की प्रत्येक पोस्टरला निदान एक खरा प्रश्न विचारायचा आणि दोन ओळी लेखी अभिप्राय द्यायचा. नुसतं "व्हेरी गुड, कीप इट अप" ऐकून मूल घरी गेलं तर त्याला पुढे काय करायचं ते कळत नाही, आणि कडक प्रश्न फक्त शहरातल्या कॉलेजच्या मुलांना विचारले जातात तेव्हा बाकीच्यांना बरोबर समजतं की आपल्याकडून अपेक्षाच नव्हती.

झाल्यावर

ज्यांनी तुमच्या पोस्टरसमोर वेळ दिला त्यांची नावं त्याच संध्याकाळी वहीत लिहा आणि आठवड्याच्या आत ईमेल करा, तुम्ही हा प्रश्न विचारलात, मी विचार केला, हे उत्तर सुचतंय, आणि जोडीला पोस्टरची पीडीएफ. शिफारसपत्रं पुढे इथूनच मिळतात. आलेले सगळे प्रश्न लिहून काढले की पुढच्या कामाची यादी तयार असते. सायन्सला असाल तर बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी रिसर्च फेलोशिप देतात, तिच्या अर्जात हेच अ‍ॅबस्ट्रॅक्ट सुधारून वापरता येतं. भारतीय विद्यापीठ संघाची "अन्वेषण" ही विद्यार्थी संशोधन स्पर्धा आहे, तिथे विद्यापीठामार्फत जावं लागतं, म्हणून आपल्या विभागात आधीच नाव देऊन ठेवा. पोस्टरची एक प्रत आणि साध्या मराठीत किंवा कोकणीत एक पान सारांश, ज्यांनी माहिती दिली त्यांना आणि पंचायतीला द्या, काकींचं काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर ते त्या तिथेच सांगतात आणि पेपर लिहायच्या आधी तुम्हाला ते दुरुस्त करता येतं.